माइकची तार चुकली त्या दिवशी

हौशी रेडिओ चालवायचा रीतसर परवाना माझ्याकडे आहे. अक्कल त्याच्यासोबत मिळत नाही.

मन्नाएखेळ्ळीत हायवेला लागून आमचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान. वरच्या खोलीत माझा रेडिओ. बटन दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, एवढंच त्याचं शास्त्र. त्या साली भीमेला पूर आला. माझी मोठी बहीण सुमनअक्का नदीकाठच्या करजगीला दिलेली. दोन दिवस तिकडचे फोन बंद होते.

त्यात आई आणि अक्का दीड वर्ष बोलत नव्हत्या. अप्पांच्या वर्षश्राद्धाला अक्का उशिरा पोचली, तेव्हा आई सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाली, "आता कशाला आलीस? पुन्हा हा उंबरा चढू नकोस." अक्का चढली नाही.

सकाळी एका रेडिओवाल्यानं निरोप दिला, की अफजलपूरचे शरणप्पा अण्णा आपला संच घेऊन करजगीच्या शाळेत बसलेत. गावातली माणसंही तिथंच आहेत. आता माइक उचलून बोलायचं, की झालं! पण नाही. तिथल्या माणसांची नावं लिहून घ्यायला माझे हात मोकळे हवे होते. मी कॉम्प्युटरचा माइकवाला हेडफोन घेतला, त्याची तार कापली आणि रेडिओच्या गोल पिनेला डाख देऊन जोडली. तारा चार, रंग चार, आणि पाचवा माझा आत्मविश्वास!

"जुन्या माइकला काय झालंय?" आईनं विचारलं.

"तुला न्हाई कळायचं, आई."

तिनं रेडिओला कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. (ते नेमकं लाल दिव्यावर बसलं. तो दिवा लागला, की आपला आवाज बाहेर जातोय आणि बाहेरचा आत येणार नाही, असं समजायचं. मला माहीत आहे हो. परवाना आहे!)

"शरणप्पा अण्णा, ऐकू यायलंय का?"

कानात शांतता. दहा वेळा हाक मारली, वीस वेळा मारली.

"कामून कोन बोलंना?" आई म्हणाली.

"तिकडं कुणी न्हाई वाटतं," मी म्हटलं.

हे वाक्य मी आजही परत घ्यायला तयार आहे. आईचा चेहरा पांढरा पडला. ती खालीच बसली. "म्हंजी शाळेतबी पाणी शिरलं व्हय?"

मी दाजींवर घसरलो. "दाजींना किती सांगितलं, नदीच्या कडंला घर बांधू नका! त्या माणसाला अक्कल म्हणून न्हाई!"

"गप बस," आई म्हणाली. मग भिंतीकडं बघत हळूहळू बोलू लागली. "सुमन, उशीर बसगाडीला झालता गं, तुला न्हाई. मला त्याच दिवशी कळलं हुतं. पर इतक्या लोकांत बोलून गेले, मागं कसं घ्यायचं? दर सणाला तुझ्या वाटची पोळी काढून ठेवते, अन् दुसऱ्या दिवशी गायीला घालते. तू फकस्त जित्ती राहा."

अप्पा गेल्यावरही आई अशी रडली नव्हती. मला काय करावं सुचेना. रागारागानं मी माइकची पिनच उपसली.

आणि रेडिओच्या स्पीकरमधून कान फुटतील असा आवाज आला. "बटन सोडा हो! अर्धा तास झाला, बटन सोडा!"

बटनाची तार मी पिनेच्या अंगालाच चिकटवली होती. रेडिओला वाटत होतं, बटन दाबलेलंच आहे. मी हेडफोन काढून फेकला, जुना माइक लावला. "अण्णा, आमची अक्का..."

"हितंच हायत. सगळं ऐकल्यात. आम्ही समदेच ऐकायलाव."

मग अक्काचा घोगरा आवाज आला. "आई, घरात कंबरभर पाणी हाय, पर माणसं सगळी सलामत हायत. पाणी उतरलं की येते."

आईनं माइक हिसकावला आणि बटन न दाबताच बोलत सुटली! मी तिच्या अंगठ्यावर माझा अंगठा दाबला.

"ये," ती म्हणाली. एवढंच. बाकीचं तिचं आधीच बोलून झालं होतं.

मी डोळे पुसत होतो, तेवढ्यात तिकडून जाड आवाज आला. "मेहुणे, दाजी बोलायलोय. अकलेचं काय म्हणत हुता?"

रेडिओ ठणठणीत होता. आवाज घंटेसारखा स्वच्छ येत होता.

"हॅलो? हॅलो? आवाज तुटायलाय, दाजी," मी म्हटलं, आणि संच बंद केला.