भुताआधी बाबा

खालच्या दारापाशी शेजारच्या मुलांनी भोपळा कोरून आत मेणबत्ती लावली आहे. करपलेल्या भोपळ्याचा वास जिन्यातून वर आला आणि मला ड्रेस्डेनमधलं पीएचडीचं पहिलं हॅलोविन आठवलं.

होस्टेलची खोली, संध्याकाळीच मिट्ट काळोख, आणि स्काइपवर नागपूरहून बाबा. "तिकडे भुतांचा सण आहे म्हणे, मग आपणही बघू एखादं भूत!" एक-दोन-तीन म्हणत आम्ही आपापल्या लॅपटॉपवर एकच सिनेमा लावला. पण दर वेळी भूत यायच्या जरा आधी बाबा ओरडायचे, "अरे बाप रे!" माझी सगळी मजाच गेली.

"बाबा, तुम्ही बटण आधी दाबलंत!" मी चिडले.

"इथलं नेट पुढे असेल गं," ते म्हणाले.

बाबा गेल्यावर आई एकदा सहज बोलून गेली, "त्यांनी तो सिनेमा आदल्या दिवशीच बघून ठेवला होता. म्हणाले, पोरगी तिथे एकटी आहे, दचकेल."

आज तोच सिनेमा पुन्हा लावला. मला सगळा पाठ आहे. दार करकरलं, पडदा हलला. आधी कोणीच ओरडलं नाही, आणि मी पहिल्यांदाच दचकले.