अंबादासची भिंत आणि माझी कैफियत

कसं सांगावं तुम्हाला… आधी चहा संपवा, न्हायतर हसताना ठसका लागंल. आणि हसायचं असंल तर खुशाल हसा. गाढवपणा केला तो मीच केला, भर कोर्टात केला आणि छाती पुढं काढून केला. लपवायचं कशाला?

मी एसटीत कंडक्टर होतो हे तुम्हाला ठाऊकच हाय. तेहतीस वर्षं सोलापूर, अक्कलकोट, दुधनी. त्या लाईनवर निम्मी भांडणं मराठीत, निम्मी कानडीत. दोन्हीकडं मी कुणाला हार गेलो न्हाय! आमच्या धंद्यात एकच नियम. समोरचा काय बी म्हणू दे, कबूल करायचं न्हाय. "ओ कंडक्टर, पोरगं चार वर्षाचं हाय." खोटं! "पास घरी राहिला." खोटं! अहो, मिसरूड फुटलेल्या पोराला मांडीवर घेऊन 'अजून दूध पितंय' म्हणणारी माणसं बघितलीत मी. विश्वास ठेवायचा कुणावर?

रिटायर झालो, पण सवय कुटं रिटायर होतीय!

तर माझा मित्र अंबादास. पलीकडच्या गल्लीत राहतो, जातीचा विणकर. घरात तेलुगू, बाहेर मराठी. घरामागं शेड हाय, शेडमध्ये दोन यंत्रमाग. एकावर तो, एकावर त्याची बायको लक्ष्मी. दिवसभर खटखट खटखट, टॉवेल-चादरी विणतात दोघं. माणूस इतका गरीब स्वभावाचा की, मागाचा दोरा तुटला तरी दोऱ्याला रागवत न्हाय.

अशा माणसावर दावा लागला!

शेडची मागची भिंत, आणि त्या भिंतीपलीकडं शेजारी गुरुनाथचं परसदार. गुरुनाथचा म्हातारा होता तोवर सगळं गोडीत होतं. म्हातारा गेला आणि गुरुनाथला घर वाढवायचं सुचलं. त्यानं कोर्टात दावा टाकला, की ही भिंत माझ्या जागेत हाय, पाडून द्या. आता भिंत पडली की छप्पर खाली येणार. छप्पर आलं की माग बंद. म्हणजे पन्नाशीच्या पुढं नवरा-बायकोनं दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन उभं राहायचं.

अंबादास कागद घेऊन माझ्याकडं आला.

"अण्णा, बेलिफ देऊन गेला. कोर्टातच फुकट वकील मिळतो म्हणं. लक्ष्मीला कुणीतरी सांगितलं. जाऊन विचारू का?"

"फुकटचा वकील? आणि मी काय मेलोय?"

"तसं न्हाय अण्णा. पण तुमी वकील न्हाय की."

"वकिलाला काय दोन जिभा असतात? अरे, तेहतीस वर्षं मी लोकांची तोंडं बंद केलीत! तू फक्त सही कर. बाकी मी बघतो."

लक्ष्मी दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "अण्णा, एकदा विचारलं तर काय बिघडतंय?"

मी म्हणलं, "ताई, आपला हात जगन्नाथ! परक्याच्या हातात कशाला द्यायचं?"

तिनं तेव्हाच लाटणं घेऊन माझ्या मागं लागायला पायजे होतं. पण ह्या घरातली माणसंच सज्जन, त्याला कोण काय करणार!

दाव्याला आपण जे लेखी उत्तर देतो, त्याला कैफियत म्हणतात. कोर्टाच्या बाहेर झाडाखाली एक टायपिंगवाला बसतो, त्यानं मला नमुना दाखवला. गुरुनाथच्या दाव्यात अकरा कलमं होती. एकेका कलमाला उत्तर द्यायचं. नमुन्यात पहिलंच वाक्य होतं, 'कलम एकमधील मजकूर खोटा व लबाडीचा असून प्रतिवादीस मान्य नाही.' प्रतिवादी म्हणजे आपला अंबादास.

वा! वाचून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. हे तर माझंच बोलणं! मी टायपिंगवाल्याला म्हणलं, "हेच वाक्य अकरा वेळा हाण."

त्यानं चष्म्यावरनं बघितलं. "काका, सरसकट नसतंय असं. कलम वाचून उत्तर द्या."

"मला शिकवू नको. तू बटणं दाब."

अंबादास शेजारी बसून दाव्याचा कागद एकेक अक्षर लावत वाचत होता. त्याची शाळा तेलुगूत झाली, त्यात कोर्टाची मराठी. घाम फुटला होता त्याला. मधीच म्हणाला, "अण्णा, हे चौथं कलम. ह्यात माझ्या बापाचं नाव हाय. हे मला वाटतंय खरंच…"

"गप! कबूल करतो काय? एक कबूल केलं की गेलास!"

"पण अण्णा, ते बापानं…"

"अंबादास! दावा कुणी टाकलाय? गुरुनाथनं. गुरुनाथ आपला कोण? दुश्मन. मग दुश्मन तुझ्या फायद्याचं कशाला लिहील? आँ?"

ह्याच्यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडं बी नव्हतं, पण मला तेव्हा ते कुटं ठाऊक होतं! त्यानं सही केली. मी स्वतः जाऊन कैफियत दाखल करून आलो आणि येताना मिशीवरनं हात फिरवत आलो.

चार दिवस गल्लीत माझीच हवा. भेटेल त्याला सांगत सुटलो, की ही केस मी जिंकून देणार. आमच्या मंडळींनी घरात एवढंच विचारलं, "दाव्यात काय लिहिलंय ते वाचलं का तुमी?" मी म्हणलं, "खोटं वाचायचं कशाला?"

तारीख आली. मी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, काखेत फाईल. पट्टेवाल्यानं पुकारा केला तसा अंबादास उठला, आणि त्याच्या आधी मी उठलो.

न्यायाधीश बाई होत्या. शांत. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"ह्याचा मित्र!"

"वकील आहात?"

"न्हाय. पण वकिलापेक्षा कमी बी न्हाय."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मी वळून असं बघितलं की तो गप झाला.

बाई म्हणाल्या, "हे बघा, पक्षकाराला स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. तुम्ही मित्र म्हणून बरोबर या, कागद सांभाळा, त्यांना धीर द्या. पण त्यांच्या वतीनं बोलायचं असेल तर वकील लागतो, नाहीतर कोर्टाची खास परवानगी लागते."

"मग द्या की परवानगी! मित्रासाठी मित्रानं बोलायचं न्हाय तर कुणी बोलायचं? गरिबाला तोंड नसतंय म्हणून तर हे दावे लागतात मॅडम! मी हितनं हलणार न्हाय!"

बोललो की! आणि त्याची मला आज बी लाज न्हाय. तेवढं एक वाक्य मी अजून परत म्हणीन, कुणाच्या बापाला भीत न्हाय.

बाईंनी गुरुनाथच्या वकिलाकडं बघितलं. "आपलं काही म्हणणं?"

तो तरणाताठा वकील हसत हसत उठला. "मॅडम, आमची काहीच हरकत नाही. उलट आमची विनंती आहे, शेवटपर्यंत यांनीच बोलावं."

बघितलं? मी अंबादासला कोपर मारलं. म्हणलं, बघ, समोरचा वकीलसुद्धा मान देतोय!

बाई हसल्या न्हाईत. त्यांनी कैफियत उघडली. "ठीक आहे. आधी हे समजून घेऊ. दाव्यातलं कलम एक. 'प्रतिवादी अंबादास हे सदर घराचे मालक आहेत.' तुम्ही लिहिलंय, हे खोटं आहे. मग घर कुणाचं?"

"त्याचंच की!"

"मग खोटं काय?"

मी फाईल चाळायला लागलो. फाईलमध्ये काय असणार? माझंच वाक्य, अकरा वेळा!

"कलम दोन. 'प्रतिवादी तेथे यंत्रमाग चालवून उदरनिर्वाह करतात.' हेही खोटं आणि लबाडीचं?"

आता सगळं कोर्ट माझ्याकडं बघायला लागलं. अंबादासनं डोळे मिटून घेतले होते.

"आता कलम चार ऐका." बाईंचा आवाज जरा मऊ झाला. "'सदर भिंत प्रतिवादीच्या वडिलांनी, वादीच्या वडिलांच्या संमतीने, स्वखर्चाने पक्की बांधली. मात्र ती संमती आता काढून घेतली आहे.' म्हणजे गुरुनाथ स्वतःच लिहून देतायत, की भिंत परवानगीनं बांधलीय. आणि तुम्ही म्हणताय, हे खोटं आहे. परवानगी नव्हती. अंबादासांच्या वडिलांनी बांधलीच नाही. असंच म्हणायचंय ना तुम्हाला?"

माझ्या पायाखालची फरशी सरकली हो! तेवढ्या एका कलमावर अंबादासची भिंत उभी होती. दुश्मनानं आपण होऊन विटा दिल्या होत्या, आणि मी, त्याचा जिवाचा मित्र, पहार घेऊन पाडायला निघालो होतो!

दोन भाषांत भांडणारा माणूस, पण एका बी भाषेत शब्द फुटंना.

बाईंनी अंबादासला विचारलं, "तुम्ही बोला. यांनीच तुमची केस चालवावी असं तुम्हाला वाटतं का?"

अंबादासनं माझ्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत ह्या माणसानं माझा एक शब्द खाली पडू दिला नव्हता. त्यानं हात जोडले.

"मॅडम, अण्णा माझ्यासाठी जीव देतील. पण भिंत वाचवायची असंल तर त्यास्नी तेवढं बाहेर बसवा."

काय हशा पिकला म्हणून सांगू! पट्टेवाला भिंतीकडं तोंड करून हसत होता. मी फाईल अंबादासच्या हातात दिली आणि बाहेर जाऊन बाकड्यावर बसलो. रागानं नुसता फणफणत होतो. कुणावर? गुरुनाथवर म्हणायचं, पण खरं सांगू का, मला माझंच तोंड फोडावंसं वाटत होतं. माझ्या फुशारकीपायी लक्ष्मीचा माग बंद पडला असता!

पुढं अंबादास त्या मोफत मदतीच्या खोलीत गेला, त्याला वकील मिळाली. पोरसवदा मुलगी, पण हुशार. कैफियत वाचून तिनं कपाळाला हात लावला, "हे कुणी लिहिलं?" मी म्हणलं, "लिहिणारा मेला असं समज आणि पुढं चल." तिनं दुरुस्तीचा अर्ज दिला, कोर्टानं मंजूर केला. मग तिनं कलम चार असं धरून ठेवलं की सोडलंच न्हाय. बापानं संमती दिली, त्या संमतीच्या भरवशावर दुसऱ्यानं पक्कं बांधकाम केलं, आता मुलाचं मन फिरलं म्हणून ते पाडता येत न्हाय! बास, एवढंच.

आणि मी? प्रत्येक तारखेला गेलो. का जाऊ नये? मित्र माझा हाय! फाईल नेली, पाण्याची बाटली नेली, लक्ष्मीला धीर दिला. पण पुकारा झाला की उठून गपचूप बाकड्यावर. आतनं गुरुनाथचा आवाज यायचा, माझ्या जिभेला नुसती खाज सुटायची. दोन्ही हातांनी बाकडं धरून बसायचो.

मागच्या महिन्यात निकाल लागला. दावा नामंजूर. भिंत जागेवर, माग चालू! लक्ष्मी तितंच रडायला लागली.

अंबादासनं पिशवीतनं दोन कोऱ्या चादरी काढल्या. एक वकील मुलीच्या खांद्यावर घातली. दुसरी घेऊन बाकड्याकडं आला आणि माझ्या खांद्यावर घातली.

मी म्हणलं, "अरे, मला कशाला? मी काय केलं?"

तेवढ्यात गुरुनाथचा वकील तितनं चालला होता. तो थांबला, चादर नीट करून माझ्या खांद्यावर बसवली आणि म्हणाला, "घ्या काका, तुमचाच मान आहे. तुम्ही बाहेर बसला नसता, तर ही केस आमचीच होती."

मी छाती पुढं काढली आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ओरडलो, "ऐकलंत का? म्हणजे केस मीच जिंकून दिली की!"