गवताचा कावळा

माझ्या वडिलांच्या पिंडाला कावळा शिवला नाही, हे भोरमध्ये अजून दबक्या आवाजात सांगतात. दबक्या आवाजात कशाला? मीच मोठ्यानं सांगते. नाही शिवला. आणि त्याला कारण माझे वडील होते, मी नव्हे.

अण्णा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागले. तेव्हा इलाखा सिंधपासून धारवाडच्याही खाली पसरलेला, एडनसुद्धा त्यातच. सरकारला जिथं म्हणून कालवा नाहीतर रस्ता हवासा वाटे, तिथं अण्णांची बदली होई. सिंधमध्ये ते उंटावरून फिरतीला जात. एडनला बोटीनं गेले, कारवारच्या खाडीत पडावातून हिंडले. आई धारवाडच्या मुक्कामात वारली तेव्हा मी लहान होते. मुलीला भोरला काकांकडे ठेवा, असं सगळ्यांनी सांगितलं. अण्णांनी कुणाचं ऐकलं नाही. ट्रंक, वळकटी आणि मी, एवढं सामान घेऊन ते पुढच्या गावी निघाले. मला तीन भाषांत भांडता येतं ते त्यामुळे.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आगेमागे ते पेन्शन घेऊन भोरला परतले. एवढी दुनिया बघून आलेला माणूस आता ओटीवर बसून साहेबांच्या गोष्टी सांगेल, अशी आळीची अपेक्षा होती. अण्णांनी पापड करायला घेतले. सक्करच्या शेजारणीनं शिकवलेले, काळी मिरी भरडून घातलेले सिंधी पापड. पुरुषमाणूस धोतर खोचून पापड लाटतो हे बघायला बायका कुंपणाशी येत आणि जाताना चारचार पापड घेऊन जात.

पापड अंगणात वाळत पडले की कावळे येत, आणि अण्णा वेताची काठी घेऊन खुर्चीवर बसत. हे वैर उन्हाळ्यापुरतं राहिलं नाही. पुढं पुढं ते काठी घेऊन रस्त्यानं निघाले तरी कौलांवरचे कावळे ओरडत उठत. ‘तुझ्या बापानं मेल्यावरची पंचाईत करून ठेवलीय,’ असं आत्या तेव्हाच म्हणाली होती. अण्णा म्हणाले, ‘मेल्यावरचं मेल्यावर. आज पापड वाचले पाहिजेत.’

मी तोवर ट्रेनिंग करून मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. लग्न झालेलं नव्हतं, आणि त्या काळी आमच्या आळीत ते मोठंच पाप होतं. काकांनी एक स्थळ आणलं. पुण्याचे वकील, बिजवर, घरचे चांगले. अट एकच, नोकरी सोडायची. अण्णा म्हणाले, ‘तिला विचारा.’ मी नाही म्हणाले. ‘झालं तर,’ म्हणून अण्णा उठून गेले. पण काकांच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या शेवटपर्यंत. माझ्याच शाळेत माझी चुलत बहीण शिकत होती, तिलाही त्यांनी त्या साली काढून घेतलं.

माघात अण्णांना ताप भरला आणि चार दिवसांत ते गेले. मुलगा नाही, म्हणून क्रियेला काका बसले. दहाव्याला मी घाटावर निघाले तर आत्यानं दारात अडवलं. बायकांनी घाटावर जायचं नसतं म्हणे. मी घरी थांबले.

ऊन डोक्यावर आलं आणि बोलावणं आलं. चल, तुझ्यावाचून अडलंय.

नदीकाठी पिंड मांडलेले होते आणि चिंचेवर कावळ्यांची ही गर्दी. एकही खाली उतरत नव्हता. गुरुजींसकट सगळ्यांच्या पोटात कावळे कोकलत होते आणि झाडावरचे मात्र गप्प. अस्थी काशीला नेतो, असं काकांनी सांगून पाहिलं होतं. अण्णांनी काशी दोनदा पाहिली होती आणि तिथल्या पंड्यांबद्दल त्यांचं मत काही बरं नव्हतं. श्राद्ध कधी चुकवणार नाही, हेही सांगून झालं होतं.

‘पोरी, दादाचा जीव तुझ्यात अडकलाय,’ काका सगळ्यांदेखत म्हणाले. ‘शाळा सोडते, त्या स्थळाला हो म्हणते, एवढं हात जोडून सांग. मोकळं कर त्याला.’

वकिलांचं अजून जमलेलं नव्हतं तर! बापाच्या पिंडापुढं पोरीला कोंडीत धरायचं, हे काकांनी घाटावर येऊन ठरवलं की घरूनच, ते मला अजून कळलेलं नाही. राग असा आला की कानशिलं तापली. पण खोटं कशाला बोलू, भीतीही वाटली. अण्णा माझ्याकडे कधी काही मागत नसत. खरंच मनात काही राहिलं असेल आणि ते बोलले नसतील, तर?

गर्दीत वेल्ह्याचा एक शेतकरी होता. अण्णा दिवाळीनंतर बैलगाडीनं तिकडे ओढे बघायला जात, तेव्हा त्याच्या भातखाचराचा फुटका बांध त्यांनी उभं राहून घालून दिला होता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘आक्का, म्हनून टाका. शबुद दिला म्हंजी लगीच लगीन लागतंय व्हय? मागनं कोन बगाया येतंय? सायबास्नी तरी वाट मिळंल.’

त्याच्या मनात मायाच होती. आणि त्याच्या मायेनंच मला शुद्धीवर आणलं. अण्णा म्हणत, सरकारी नोकरीत सगळ्याची बदली होते, दिल्या शब्दाची तेवढी होत नाही. त्यांना वाट मिळावी म्हणून त्यांच्याच पिंडापुढं खोटं बोलायचं? आणि दिलेला शब्द पाळायचा तर शाळा घालवायची?

मी हात जोडले. ‘अण्णा,’ मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ‘मी शाळा सोडणार नाही. लग्न करायचं की नाही ते माझं मी बघेन. तुमचं काही राहिलं असेल तर ते हे नव्हे, मला ठाऊक आहे.’

एक कावळा उडून खाली आला. त्यानं मान वाकडी करून पिंडाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि परत चिंचेवर जाऊन बसला.

गुरुजींनी मुकाट्यानं दर्भ घेतला, त्याचा कावळा वळला आणि पिंडाला शिवला. शास्त्रात तशी सोय आहेच. काका घाट चढताना म्हणाले, ‘शेवटी गवताच्या कावळ्यावर जायची वेळ आणलीस बापावर.’

‘ते जन्मभर मिळेल त्या वाहनानं गेले,’ मी म्हणाले. ‘उंट मिळाला उंटानं, पडाव मिळाला पडावानं. आज गवताचा कावळा मिळाला. त्यांची कधी तक्रार नसे.’

घरी येऊन मात्र मी त्यांच्या खुर्चीपाशी बसून पोटभर रडले. सुतक फिटल्यावर शाळेत गेले. मुलींनी उभं राहून नमस्ते केलं, आणि आम्ही राहिलेला धडा पुढं घेतला.

चैत्रात मिरी भरडली, पापड लाटले आणि अंगणात वाळत घातले. कावळे कौलांवर जमले. म्हातारा गेला, आता रान मोकळं, असं त्यांना वाटलं असावं. मी वेताची काठी घेऊन खुर्चीवर बसले. संध्याकाळपर्यंत एकालाही पापडाला शिवू दिलं नाही.