मेघांकच्या लढाईत नरहरराव

नरहरराव गेले आणि मग त्यांचा सिनेमा जबलपूरला लागला. त्यांचा म्हणजे काय, शेकडो शिपायांतले ते एक. पण घरी, बायको सुमित्राबाईंच्या तोंडी, तसंच म्हणायची रीत पडली होती.

मेघांक नावाचा राजपुत्र नागपूरच्या पेपरात दर रविवारी यायचा. चित्रांची एक पट्टी आणि खाली दोन-दोन ओळी. पेपर गाडीनं येणार, म्हणून जबलपुरात मेघांक सोमवारी लढायचा. नरहरराव फॅक्टरीतून आले की हातपाय धुवायच्या आधी तो वाचत. आग ओकणारा नाग, बोलणारा घोडा, शापाचा किल्ला. वर्षानुवर्षं राजपुत्र आपला किल्ल्याच्या वाटेवरच. सुमित्राबाई म्हणायच्या, याच्यापेक्षा आपलं विजय नगरचं घर लवकर बांधून झालं.

नरहरराव रिटायर झाले आणि त्याच मेघांकवर सिनेमा निघाला. लढाईचं शूटिंग भेडाघाटकडे होतं, शिपाई म्हणून म्हातारे-तरणे सगळेच घेत होते. नरहरराव उजाडायच्या आत डबा घेऊन गेले आणि संध्याकाळी तोंडाला काळं फासून परत आले. काय केलं तिथे, असं विचारलं तर म्हणाले, युद्ध. बाकीचं पडद्यावर बघ.

पुढे थंडीत बडा फुहाऱ्याच्या बाजारात उशांचे अभ्रे घ्यायला गेले आणि तिथेच कोसळले. लोकांनी त्यांना ऑटोतून घरी आणलं.

सुमित्राबाई रडल्या नाहीत. शेजारच्या राधाबाईंनी खांदा धरून हलवलं, रड ना वो, मोकळी हो म्हणाल्या. सुमित्राबाई तेरवीचे वडे पुरतील का ते बघत राहिल्या. नेपियर टाउनच्या डॉक्टरनं दाढेला सुई दिली की गाल आपला असून आपला नसतो, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. चहा गोड की अगोड, तेही कोणी विचारलं तर घोट घेऊन बघत.

एकच गोष्ट मनात होती. नरहररावांचे फोटो ढीगभर होते, पण हलता-चालता माणूस कुठेच नव्हता. घरातले व्हिडिओ काढायचे तेच, मग त्यात दिसणार कसे? आता ते हलताना दिसले तर त्या सिनेमातच.

मुलगी दुर्वा बँकेतून सुट्टी घेऊन त्यांना घेऊन गेली. लढाई सुरू झाली आणि सुमित्राबाई पुढे सरकून बसल्या. पण सगळ्यांच्या डोक्यावर लोखंडी टोप, तोंड कोणाचं दिसेना. त्या एकेकाची चाल बघत होत्या. हा नाही, तोही नाही. घोडा बोलला, नाग आग ओकला, लढाई संपलीसुद्धा. दुर्वानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं.

मग मेघांक मेलेल्या शिपायांमधून मित्राला शोधत निघाला. कोपऱ्यात एक मुडदा होता. टोप काढून उशाला घेतलेला, डावा हात डोळ्यांवर, उजवा गुडघा वर. लढाईत पडलेला माणूस असा पडत नाही. पण दुपारी पोळी-भाजी खाऊन नरहरराव दिवाणावर असेच पडत. उन्हात पोट भरल्यावर तिथेही झोप लागली असणार, आणि एवढ्या मुडद्यांत कोणी उठवलं नसणार. पोट सावकाश वर येत होतं, खाली जात होतं.

मागच्या रांगेतला एक हसला. "अरे देख, मुर्दा साँस ले रहा है."

मग सगळं थिएटर हसायला लागलं. दुर्वा भांडायला वळली, तर सुमित्राबाईंनी तिचा हात दाबला आणि स्वतःच मागे पाहिलं.

"सोने दो ना भैया उनको. सुबह से उठे हैं."

पडद्यावर मेघांक मित्राला मांडीवर घेऊन रडून राहिला होता. त्याच्या मागे ते पोट आणखी एकदा वर आलं आणि चित्र बदललं.

"आई, बाबाच होते ना?"

"हो. जेवण झालं होतं त्यांचं."

दुर्वाला रडू फुटलं. सुमित्राबाईंनी तिला डोळे पुसायला पदर दिला आणि त्या पडद्याकडे बघत राहिल्या, ती जागा परत दाखवतात का म्हणून. नाही दाखवली.