पुतळ्याच्या दंडातला चुडा

ते वर्ष कापसाचं वाईट वर्ष होतं. दिग्रसच्या बाजारात भाव विचारला की माणसं दुसरंच काहीतरी बोलायला लागत. बऱ्याच व्यापाऱ्यांना रिकामा वेळ होता, म्हणून तर संग्रहालयाचं खूळ निघालं. बंद पडलेल्या एका जिनिंग कारखान्याच्या ऑफिसात गावातल्या लोकांचे जुने पोशाख मांडायचे ठरले. बंजारा तांड्यातल्या बाईचा पोशाख माझ्या वाट्याला आला, कारण संग्रहालयाच्या समितीत तांड्यातली मी एकटीच.

मी हो म्हटलं आणि तेव्हापासून एका जागी बसवेना. वर्गात शिकवताना मध्येच काय सांगत होते ते विसरायचे.

सातवीत मी पुसदला वसतिगृहात होते. याडी, म्हणजे माझी आई, भेटायला आली. स्वतः शिवलेला आरशांचा फेटिया म्हणजे घेरदार घागरा, वर कांचळी म्हणजे चोळी, ओढणी, दंडात खांद्यापर्यंत पांढरा चुडा. मुली खिडकीत गोळा झाल्या. मी तिला फाटकातच गाठलं आणि पुढच्या वेळी साडी नेसून ये म्हणाले. ती साडी नेसून आली, आणि मग साडीतच राहिली. दंडातला चुडा आणि केसांत कानांजवळ लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या मात्र तिने काढल्या नाहीत, आणि त्याबद्दल बोलायची माझी छाती झाली नाही. फेटिया पेटीत गेला. यावरून ती मला कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून तिचाच फेटिया साऱ्या गावासमोर मानाने उभा करायचा आणि तिला आणून दाखवायचा, असं मी ठरवलं. तोंडाने माफी मागणं मला जमणार नव्हतं.

तांड्यावर गेले. याडीने पेटी उघडून फेटिया, कांचळी, ओढणी काढून दिली. उद्घाटनाच्या दिवशी ये, एवढंच मी तिला सांगितलं.

पुतळा साडीच्या दुकानातून आणलेला. गोरापान, गुलाबी गालांचा, कंबर एवढीशी. फेटिया सरळ घसरून पायात. शेवटी शेजारच्या शिंपीचाचांनी त्या बयेच्या कमरेला कापूस बांधून दिला. त्या हंगामात कापसाला उठाव होता तो तेवढाच.

तरी मला काहीतरी उणं वाटत होतं. मी पुतळ्याभोवती फिरत राहिले, ओढणी काढली, पुन्हा घातली. समितीचे अध्यक्ष म्हणाले, मॅडम, दंड फारच उघडे दिसतात. मी तशीच उठले, बसस्टँडमागच्या दुकानातून पांढऱ्या रुंद बांगड्या आणि घुगऱ्या आणल्या. कोपरापासून खांद्यापर्यंत चुडा भरला, कानांजवळ घुगऱ्या अडकवल्या. आता कुठे बाई भरल्यासारखी दिसली. मी खूश झाले.

उद्घाटनाच्या सकाळी मी दहा वेळा फाटकापर्यंत जाऊन आले. पाहुणे आले, फीत कापली, भाषणं सुरू झाली, तरी याडीची बस नाही. भाषणं संपता संपता ती आली. मी तिचा हात धरून तिला थेट पुतळ्यासमोर नेलं.

तिने आधी फेटियाच्या आरशांवरून बोटं फिरवली. एक टाका सैल झाला होता, तो नखाने आत सारला. मग मान वर केली आणि दंडांकडे पाहून थांबली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्यात चुडा आणि घुगऱ्या बाईने घालायच्या त्या नवरा असेपर्यंतच. दोन वर्षांपूर्वी बा गेले तेव्हा तिचा चुडा उतरवताना हात मीच धरून ठेवला होता. मला माहीत नव्हतं असं नाही. पोशाख उठून दिसावा या घाईत मी माझ्या आईलाच विसरले होते.

मी भराभर पुतळ्याच्या बांगड्या ओढायला लागले. याडीने माझं मनगट धरलं. आम्ही दोघी एरवी आमच्या बंजारा गोरबोलीत बोलतो, पण तिथे सगळे ऐकत होते, म्हणून असेल, ती गावातल्या लोकांच्या वऱ्हाडीत बोलली.

"फेटिया तुह्या म्हणण्यानं उतरवला. चुडा तुहा बाप गेला तवा उतरवला. आता हिच्या अंगावर तरी राहू दे."