तिसरी शिट्टी

त्या दिवशी सकाळी सुमनने आणि मी मिळून माझा धुतलेला खाकी शर्ट पिळला. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या.

"अहो, जोर लावा की. पोलीस ना तुम्ही?"

"अर्धा," मी म्हणालो.

ती हसली. शिट्टीची दोरी मळली होती, तीही तिने धुतली आणि शिट्टीसकट गॅलरीच्या तारेला लटकवली. मी दुसरा शर्ट चढवला आणि तसाच, बिनशिट्टीचा, ड्युटीला गेलो.

भूतखेत मी मानत नाही. आजही नाही. स्मशानाच्या दारात बंदोबस्त केलाय, तिथे कुत्र्यांशिवाय काही दिसलं नाही. मी चौथी शिकलेला माणूस, जे झालं तेवढंच लिहितो.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. नालासोपारा पूर्वेला आचोळ्यात आमची खोली, तिसरा मजला. मी, माझी बायको सुमन, तिसरं कोणी नाही. कारखान्यात पॅकिंगला होतो आणि वरून होमगार्ड. सभा, मिरवणूक, निवडणूक असली की बोलावणं यायचं, वर्दी घालून उभं राहायचं. बाकीचे दिवस तुमच्यासारखाच.

माझ्या शिट्टीतला मणी अडकायचा, आवाज फाटका यायचा. सुमन म्हणायची, तुमच्या शिट्टीला सर्दी झालीय. ड्युटीवरून आलो की गल्लीच्या तोंडाशी दोनदा वाजवायचो. म्हणजे मी आलो, चहा ठेव. सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं.

तेव्हा पाण्याचा टँकर आला की बायका हंडे घेऊन खाली धावायच्या आणि वर घरं फुटायची. म्हणून मी प्रत्येक मजल्यावर एक शिट्टी दिली. सगळ्यांना सांगितलं — काही झालं तर तीन वाजवा, असेल त्याने धावायचं. दोन नाही, दोन माझ्या.

"तीन शिट्ट्यांना माझा कुकर उतरतो," सुमन म्हणाली. "बायका गॅस बंद करायला धावतील!"

पण पुढे दोन वेळा तीन वाजल्या, आणि दोन्ही वेळा अख्खी बिल्डिंग धावली.

त्या दिवशी एक स्टेशन पलीकडच्या माणिकपूर नाक्यावरून एका मंत्र्याची गाडी जाणार होती. माझ्या जोडीला आंतोन, तिथलाच. चर्चची बाराची घंटा नुकतीच थांबली होती. आणि माझ्या मागे, अगदी कानाशी... शिट्टी. दोनदा. फाटकी.

माझी शिट्टी.

मागे वळलो. भिंत होती.

"आंतोन, शिट्टी कुणी वाजवली रे?"

"कोनी नाय वाजवली. तुझ्या गळ्यात तर दोरी पन नाय."

हात छातीवर गेला. खरंच नव्हती.

"तोंड बघ तुझं, पांढरं पडलंय. जा घरी, मी बघतो दोन्ही बाजू."

"पॉइंट सोडायचा नसतो," मी म्हणालो.

मंत्री दीड तास उशिरा आला. गाडीची काच पण खाली केली नाही.

घरी पोचलो तेव्हा जिन्यात माणसं होती. सुमन गॅलरीत पडलेली. मुठीत शिट्टी, ओली दोरी मनगटावर. शेजारच्या कदम वहिनी कपाळ बडवत होत्या.

"भावजी, मी खाली टँकरवर होते हो. बाराच्या सुमाराला वाजली. दोनदा. मी म्हटलं, भावजी आले, आता चहा होईल. तिसरीची वाट पण बघितली... हंडा भरेपर्यंत."

डॉक्टर म्हणाला, हार्ट. अर्ध्या तासात आणलं असतं तर वाचली असती.

तिसरी वाजली असती तर बिल्डिंग धावली असती. तिसरीला तिचा दम पुरला नाही, की तिला मलाच बोलवायचं होतं म्हणून दोनच वाजवल्या? कोण सांगणार. बोलावलं, मला ऐकू आलं, आणि मी गेलो नाही. एवढंच मला माहीत आहे.

लोक म्हणतात भास. असेल. आचोळ्यात तोफ उडवली तरी माणिकपूरला ऐकू यायची नाही, आणि आंतोनला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण बाराची वेळ, दोनचा आकडा, तो सर्दीचा आवाज — हे मला तिथे कोणी सांगितलं? इतकी वर्षं विचारतोय.

संध्याकाळीच अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून वर्दी चढवली. मेहुणा ओरडला, "दाजी, सुतकात वर्दी? डोकं फिरलं का तुमचं?"

शिट्टी मी गळ्यात घातली नाही. तिने जिथे लटकवली होती तिथेच, तारेला परत लटकवली. गॅलरीचं दार उघडं ठेवलं. माणिकपूरला गेलो आणि त्याच भिंतीपुढे उभा राहिलो. ना ड्युटी, ना मंत्री. बाराची घंटा झाली, थांबली.

मी तिसरीची वाट बघत उभा राहिलो.