दागिन्यांच्या मशीनमध्ये मामाची रेकॉर्ड

मागच्या रविवारी दुकान बंद ठेवलं, आणि घरी बसून दागिने धुवायच्या मशीनमध्ये एक गाणं धुतलं... हो, गाणंच. आधी पूर्ण वाचा, हसायचं ते नंतर हसा.

तेलगावात आमचं सोन्या-चांदीचं छोटं दुकान आहे. दागिन्यांच्या खाचाखोचांतला मळ काढायला आमच्याकडं अल्ट्रासॉनिक मशीन असतं. स्टीलची पेटी, आत पाणी, बटण दाबलं की भुंग्यासारखं घुमतं आणि पाण्याच्या बारीक कंपनानं मळ आपोआप सुटतो. ब्रश घासायची भानगड नाही.

आता गाण्याचं. माझा मामा गवळणी म्हणायचा, पंचक्रोशीत नाव होतं त्याचं. ऐन तरुणपणी पुण्याला जाऊन त्यानं एक छोटी रेकॉर्ड केली. पुढं दम्यानं लवकर गेला, मी तेव्हा रांगत होतो. आईला त्यानंच लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळं आमच्या घरात ती रेकॉर्ड म्हणजेच मामा.

खंडेनवमीला आम्ही सोनार लोक हत्यारं पूजतो. हातोडी, चिमटे, फुंकणी, काटा... आणि त्यांच्या शेजारी आई मामाची रेकॉर्ड मांडते. "दादाचं हत्यार म्हंजी त्याचा गळाच की," असं म्हणून ती बोटानं रेकॉर्डला हळद-कुंकू लावते. पाकिटावर नाही बरं का, थेट काळ्या रेघांवर. आणि हे दर खंडेनवमीला, मला कळतंय तेव्हापासून.

प्लेअर बिघडून माळ्यावर पडला होता, त्यामुळं गाणं कितीतरी वर्षांत वाजलं नव्हतं. यंदा आई मोठ्या दुखण्यातून उठली आणि तिनं एकच धोशा लावला... "मला एकदा दादाला ऐकू दे."

माझा दोस्त रफिकभाई रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. त्यानं प्लेअर चालू करून दिला, घरी येऊन रेकॉर्डही लावली. नुसती खरखर! सुई जागच्या जागी उड्या मारायला लागली. रफिकभाईनं रेकॉर्ड उजेडात धरली आणि म्हणाला, "प्लेअरला कायबी झालं न्हाई. हिच्या रेघांत हळद बसलीय."

दुसरी कॉपी मिळती का म्हणून मी लई फोन फिरवले, पण कुणाकडंच नव्हती. मामाचा आवाज असला तर या एकाच तबकडीत, नाहीतर कुठंच नाही.

मग मला आमचं मशीन सुचलं. इंटरनेटवर बघितलं तर हौशी लोक खरंच रेकॉर्डी अशा धुतात... आईला सांगितलं तर ती कावली. "पूजेचं कशाला धुतो? आन मळासंगं आवाजबी सुटून गेला म्हंजी?"

मी हसलो, पण खरं सांगू, शंका मलाही होतीच. कच्चा बसवलेला खडा या मशीनमध्ये सुटून तळाशी जातो, हे मी स्वतः बघितलंय. शेवटी आईच म्हणाली, "न्हाईतरी ऐकू येईना. धू बाबा."

आधी रफिकभाईच्या भंगारातली एक रेकॉर्ड धुऊन बघितली. ती नीट निघाली, तेव्हा कुठं मामाच्या रेकॉर्डला हात लावला. पाणी बॅटरीत टाकतात ते, त्यात भांडी धुवायच्या लिक्विडचा एक थेंब. पाणी गरम करायचं बटण आठवणीनं बंद ठेवलं, नाहीतर रेकॉर्डचा पापड व्हायचा. भोकातून बोल्ट घातला, लेबल भिजू नये म्हणून दोन्हीकडून ट्यूबच्या रबरी चकत्या आवळल्या, आणि खालची कड पाण्यात बुडवून बोल्ट हळूहळू फिरवत बसलो.

मशीन घुमलं... आणि रेघांमधून हळद-कुंकू धुरासारखं खाली उतरायला लागलं. पिवळं, मग लाल, मग गढूळ. इतकं, की तळ दिसेना. मी रोज या पेटीत मळ सुटताना बघतो, पण हे बघताना माझा हात थांबला.

आई शेजारीच उभी होती. बारीक आवाजात म्हणाली, "मीच बुजवला का रं त्याला?"

माझी बायको सीमा म्हणाली, "तुमी पुजली म्हणून तर घरात राहिली, आई. न्हाईतर कवाच भंगारात गेली असती." तरी आईची नजर पाण्यावरनं हलली नाही.

पाणी बदलून पुन्हा धुतली, फॅनखाली वाळवली. रफिकभाईला फोन केला, त्यानं येऊन सुई टेकवली. थोडी खरखर... मग टाळ, आणि मग मामा. समोर बसून म्हणावं इतका स्वच्छ.

पण अंगावर काटा आला तो गाण्यानं नाही. प्रत्येक ओळीच्या आधी मामा श्वास घेत होता, आणि तो श्वास ऐकू येत होता! ओढून घेतलेला, छातीत किंचित घरघरणारा. कडवं जसं लांबायचं, तसा तो श्वास मोठा व्हायचा. दम्याचा माणूस पुण्याला जाऊन, तो दम लपवून गायला होता... लग्नाकार्यात ही रेकॉर्ड भोंग्यावर वाजायची म्हणे, पण हे तेव्हा कुणाला ऐकू आलं असणार?

आई प्लेअरकडं सरकली. पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "दमानं म्हण दादा... कुणी पळत न्हाई."

रफिकभाई खाली बघत राहिला. सीमा आत निघून गेली.

गाणं संपलं. मी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवायला गेलो, तर आईनं माझा हात धरला. "राहू दे आता. दमला असंल त्यो."

सोनं धुतलं की चमकतं, त्याचं मला आता काही वाटत नाही. पण मला न आठवणारा माझा मामा त्या दिवशी माझ्यासमोर श्वास घेत होता... आणि तो ऐकायला आई अजून आहे, याबद्दल कुणाचे आभार मानू तेच कळत नाहीये.